सुलभाला पश्चात्ताप झाला होता का?

जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ हा चित्रपट १९८२ साली आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर तो आधारलेला असून पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा जिल्हा वेगळा झाला. चित्रपटाने आणि जिल्ह्याने आता चाळिशी ओलांडली आहे. जंगलातून रस्ते झाले, व्यापारी घरांतील मुली शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या. परंतु हा चित्रपट पाहून उठताना प्रेक्षकांच्या मनात येणारा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. सुलभाला पश्चात्ताप झाला होता का?

सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातील सून. ही भूमिका स्मिता पाटील यांची, तर तिच्या वकील पतीची, सुभाषची, गिरीश कर्नाड यांची. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या सुलभेला संगमवाडी या दूरच्या गावी महिला सुधारगृहाच्या अधीक्षकपदाची नोकरी मिळते. पतीला आणि सासूला ते रुचत नाही. पण जाऊ लहानग्या राणीला सांभाळण्याची जबाबदारी घेते आणि सुलभा जाते. सुधारगृहातील गैरकारभाराशी झुंजून, अखेर राजीनामा देऊन ती परतते, तेव्हा घर तिच्यावाचून चालायला शिकलेले असते. मुलीला काकूचा लळा लागलेला असतो आणि पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. सुलभा पुन्हा घराबाहेर पडते. चित्रपट तेथेच संपतो.

ती जिंकली की हरली, याचा निकाल दिग्दर्शक देत नाही. तिचे चुकले असे म्हणणाऱ्यास दुरावलेली राणी दाखवता येते. तिचे बरोबर होते असे म्हणणाऱ्यास सुधारगृहातील त्या स्त्रिया दाखवता येतात, ज्यांच्या बाजूने तोवर कोणी उभे राहिले नव्हते. अमरावतीच्या सुरेश भटांची गझल लता मंगेशकरांच्या स्वरात सुरू होते, तेव्हा सुलभेचे एकटेपण प्रत्येकाला जाणवते. मात्र एकटेपण म्हणजे पश्चात्ताप, असे समीकरण चित्रपट कोठेही मांडत नाही. ते प्रेक्षक आपल्या घरून घेऊन येतो.

चंद्रपूरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी चातुर्मासातील एका रविवारी दुपारी हा चित्रपट लावला गेला, त्यामागे कारण होते. सुनेला बँकेत बढती मिळाली होती आणि बढतीबरोबर अहेरीची बदली. नात पाच वर्षांची. होकार कळवायला आठवडा उरला होता आणि घरात त्या विषयावर कोणी उघड बोलत नव्हते. चित्रपट संपल्यावर सासऱ्यांनी व्यापाऱ्याच्या रीतीने हिशेब मांडला : नोकरी गेली, नवरा गेला, पोर परकी झाली, मग हाती काय उरले? सून इतकेच म्हणाली, की सुलभा गेली नसती तर तिच्या हाती काय उरले असते, हेही एकदा मांडून पाहावे. मुलगा गप्प होता.

सासूबाई बऱ्याच वेळाने बोलल्या. कुटुंबाचे दुकान पूर्वी सिरोंच्याला होते. मोठ्या मुलाला चांगली शाळा मिळावी म्हणून आठव्या वर्षी त्याला नागपूरला मामाकडे ठेवले. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला आणि पाणी मागताना आईलाच त्याने ‘मामी’ अशी हाक मारली. त्या रात्री त्या स्वयंपाकघरात एकट्या बसून रडल्या होत्या. “तेव्हा सगळे मला म्हणाले, केवढा त्याग केलास. पोराला लांब ठेवल्याचा तुला पश्चात्ताप होतो का, असे आजवर कोणी विचारले नाही,” त्या म्हणाल्या. “सुलभाला मात्र सगळेच विचारतात.”

हे त्यांनी गाऱ्हाणे म्हणून सांगितले नव्हते. तरी चित्रपटाचा अर्थ लावताना जी जागा बहुधा सुटून जाते, ती त्यांच्या बोलण्यात नेमकी सापडते. आई आणि मूल यांच्यातील अंतर दोन्हीकडे सारखेच. मूल घराच्या संमतीने दूर गेले तर त्या अंतरास त्याग म्हणतात. आई स्वतःच्या निर्णयाने दूर गेली तर तेच अंतर अपराध ठरते. मुलाची हाक विसरणे मात्र दोघींना सारखेच सोसावे लागते. दुःख झाले म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही, आणि निर्णय योग्य होता म्हणून दुःख कमी होत नाही. खतावणीत जमा आणि नावे या दोन बाजू समोरासमोर राहतात. एक लिहिली म्हणून दुसरी कोणी खोडत नाही.

परदेशातही हा प्रश्न सुटलेला नाही. एलेना फेरांते यांच्या कादंबरीवरून मॅगी जिलेनहाल यांनी २०२१ साली ‘द लॉस्ट डॉटर’ हा चित्रपट केला. त्यातील प्राध्यापिका लेडा तरुणपणी दोन लहान मुलींना सोडून काही वर्षे दूर राहते आणि नंतर परत येते. तिचा शेवटही असाच संदिग्ध आहे. दोन्ही चित्रपटांत एक फरक आहे. लेडाला स्वतःचे मन उमगत नाही. सुलभेला ते पक्के ठाऊक आहे, तिला न उमगलेले आहे ते घर. परत आल्यावर आपली जागा तशीच असेल, असा तिचा विश्वास होता.

या जंगलपट्ट्यातच याहून वेगळे उदाहरण आहे. बाबा आमटे यांनी भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले. त्यांची मुले तेथेच, माडियांच्या सोबतीने वाढली. २००८ साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उंबरठा दोघांनी एकत्र ओलांडला होता, म्हणून कष्टांची वाटणीही दोघांत झाली. सुलभेने तो एकटीने ओलांडला. मागे राहिलेल्यांनी राणीला जेवू-खाऊ घातले, पण तिच्या मनातील आईची जागा राखणे हेही आपले काम आहे, असे कोणाला वाटले नाही. वडिलांनी मुलीला आईची आठवण करून द्यावी, तिला घेऊन संगमवाडीस वरचेवर जावे, ही अपेक्षा प्रेक्षकही क्वचितच करतो. पश्चात्तापाचा प्रश्न सुभाषला का विचारला जात नाही?

चंद्रपूरच्या त्या घरात बोलण्याचे वळण त्या संध्याकाळी बदलले. जावे की न जावे हा निर्णय सुनेवर सोपवला गेला. बाकीचे निराळ्या गोष्टी ठरवू लागले : नातीला शाळेत कोण सोडणार, शनिवारी दुकान लवकर बंद करून तिला अहेरीला कोण नेणार, रात्री आईशी फोनवर बोलताना तिच्याजवळ कोण बसणार. शेवटची दोन कामे मुलाने आपल्याकडे घेतली. सुनेने दोन दिवसांनी होकार कळवला. पुढे काय होईल, हे कोणालाच ठाऊक नाही. नात कधी रुसेल, कधी आजीलाच आई म्हणेल. त्या दिवशी सुनेच्या डोळ्यांत पाणीही येईल. ते पाणी पाहून घराने निकाल देण्याची घाई करू नये, एवढेच सासूबाईंचे मागणे होते.

सुलभाला पश्चात्ताप झाला होता का, याचे उत्तर चित्रपटात शोधू गेल्यास मिळत नाही. तिला दुःख झाले, एवढे निश्चित. त्या दुःखात तिच्या घराचा वाटा किती होता, हे ज्याने त्याने आपल्या उंबरठ्याच्या आतून मोजायचे आहे.