मीठ, साखर आणि लिंबू

आम्ही दोघी जुळ्या बहिणी यंदा अकरावीत आहोत. रसायनशास्त्रात 'आयनिक समतोल' हा धडा आला. शाळेत तो इंग्रजीतून झाला आणि शुक्रवारी मराठीच्या काकूंनी 'विचरण' हा शब्द सांगितला. आम्हाला मात्र तो आईच्या पातेल्यात नीट समजला.

आमचे बाबा साइटवर सुपरवायझर आहेत. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उन्हात काम करायला बंदी आहे (२०२१ पासून ही वेळ आहे), पण सकाळी सातलासुद्धा अंगाला धारा लागतात. जुलैत साइटवरचा एक मजूर चक्कर येऊन पडला. त्याच आठवड्यात बाबांच्या पायात रात्री गोळे आले. "पाणी पितोच की मी भरपूर," ते म्हणाले. पण घामातून सोडियम आणि क्लोराइड जातात. नुसते पाणी प्यायले तर उरलेलेही पातळ होतात.

आई एक लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ, सहा सपाट चमचे साखर घालते आणि वर लिंबू पिळते. मीठ हे तीव्र इलेक्ट्रोलाइट, त्याचे सगळे आयन सुटे होतात. साखरेचे आयन होतच नाहीत. मग ती कशाला? तर आतड्यात ग्लुकोज सोडियमला बरोबर घेऊन आत शिरते आणि मागोमाग पाणी जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे असेच द्रावण पाजून कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले.

गंमत म्हणजे दोह्याच्या नळाचे पाणी समुद्राचेच. एवढा खर्च करून त्यातले मीठ काढायचे आणि आईने ते परत घालायचे!

लिंबातले सायट्रिक आम्ल सौम्य. त्याचे थोडेच रेणू फुटतात, फुटलेले पुन्हा जुळतात, आणि हे दोन्ही एकाच वेगाने चालू राहते. हाच समतोल. चिमूटभर खायचा सोडा टाकला की हायड्रोजन आयन वापरले जातात, फस्सकन फेस येतो आणि राहिलेले रेणू फुटू लागतात. आम्ही हे तीनदा करून पाहिले. लिंबे संपली म्हणून आई ओरडली.

बाबा आता पहाटे निघताना दोन बाटल्या नेतात. सोडा त्यांना आवडत नाही, म्हणून त्यात तो नसतो.