अंगावरून वारं गेलं तेव्हा

गळीत हंगाम चालू होता. क्रांती कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या पहाटेपासून कुंडलच्या रस्त्यावर घरघरत होत्या. मी भाकरी थापत होते. अर्धी थापली आणि उजवा हात पिठातच थांबला. उचलायला गेले, उचलेना. आत्यांना हाक मारायची होती, तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. तव्यावरची भाकरी करपताना दिसत होती, पण सांगता येत नव्हतं.

"अंगावरून वारं गेलं गं हिच्या!" आत्या ओरडल्या. कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगू लागलं. थोरल्या लेकानं कुणाचंच ऐकलं नाही. गाडीत घातलं आणि थेट सांगली गाठली. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. आम्ही दोन तासांत पोचलो, म्हणून ते मिळालं. संध्याकाळी बोटं हलली.

पण डॉक्टरांचं समाधान होईना. वय 41, बीपी नाही, शुगर नाही. मग गुठळी आली कुठनं? तिसऱ्या दिवशी हृदयाची इको तपासणी केली. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात लिंबाएवढा गोळा. दर ठोक्याला झडपेत उतरायचा, परत वर जायचा.

मिक्झोमा म्हणतात त्याला. कॅन्सर नव्हे. कप्प्यांमधल्या पडद्याला देठानं लोंबणारी, जेलीसारखी मऊ गाठ. अगदी विरळा होते, पण बायकांत जास्त. तिचा तुकडा सुटला की रक्ताबरोबर थेट मेंदूकडं जातो. मग उलगडा झाला. कित्येक महिने आडवं पडलं की दम लागायचा, बारीक ताप यायचा, वजनही उतरलेलं. मी आपली अशक्तपणाच्या गोळ्या खात राहिले.

औषधानं ही गाठ जात नाही, काढावीच लागते. हृदय थांबवणार म्हटल्यावर आमचे मालक भिंतीला टेकले. डॉक्टर म्हणाले, स्टॉकहोममध्ये 1954 सालीच क्राफूर्ड नावाच्या सर्जननी हार्ट-लंग मशीन लावून अशी गाठ काढली होती. तेवढ्या आधारावर त्यांनी सही केली.

गाठ निघाली. क्वचित ती परत उगवते, म्हणून वर्षाला इको करते. माझी भाकरी अजून एका कडेला जाड राहते. तरण्या माणसाच्या अंगावरून वारं गेल्याचं कानावर आलं की मी त्यांच्या घरी जाते आणि एवढंच विचारते, "मेंदूचा फोटो काढलात, इको केला का?"