डेम्लोचा आकडा

परमुलखात राहणारा माणूस पेहरावाने लपेल, बोलण्यानेही कदाचित लपेल. पण हिशेब करताना तो हटकून सापडतो. येलहंक्यास बदलून आल्याला मला सहा वर्षे होत आली. भाजीवाल्याशी मी मोडक्यातोडक्या कन्नडात बोलतो, कचेरीत इंग्रजीत लिहितो. परंतु बेरजेची वेळ आली की ओठ आपोआप मराठीत हलू लागतात. माझी दहा वर्षांची कन्या मात्र कन्नडात मोजते. हे प्रथम ध्यानात आले तेव्हा, खरे सांगावयाचे तर, मला थोडे पोरके वाटले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे येलहंक्याच्या स्थानकावर बसलो होतो. गाडीला उशीर होता. वेळ जावा म्हणून मी तिच्या वहीत नऊ एके ओळीने मांडले आणि त्या संख्येचा वर्ग करावयास सांगितले. तिने एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकवून, उतरवल्या आणि स्तंभातले एक मोजू लागली : ओंदु, एरडु, मूरु... मधल्या स्तंभात ‘ओंबत्तु’ झाले आणि पुढे संख्या उतरू लागली. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२१.

“बाबा, हा डोंगर चढून उतरतो!”

देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले. मुंबईपासून तीस मैलांवरच्या डेम्लो स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली होती. तेच आजचे डोंबिवली. माझे बालपण तिथलेच. आईवडील गेले आणि ते बिऱ्हाडही मोडले. स्थानकावरून पुसले गेलेले नाव त्या आकड्यात मात्र राहून गेले आहे.

कापरेकरांची दुसरी एक गंमतही मी तिला दाखविली. या संख्येतील अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ असे गोड नाव दिले. मग तिने दहा एके घेऊन पाहिले. पण मधल्या स्तंभात दहा झाले, हातचा आला आणि डोंगराचा माथाच ढासळला.

“पण ही पहिली संख्या वाचायची कशी?”

मला भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आठवली. तिच्यातील स्थानांची नावे मी वहीत लिहून दिली. ती बोट ठेवून वाचू लागली : “एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद!”

शिखरापर्यंत ती अस्खलित मराठीत चढली. मी श्वास रोखून ऐकत होतो. उतरणीला लागताच मात्र तिची जीभ सवयीने कन्नडावर गेली. मी तिला थांबविले नाही. संख्या दोन्ही बाजूंनी सारखीच होती. एवढ्यात सिग्नल पडला आणि वही मिटून आम्ही उठलो.