दुसऱ्या गटातले आण्णा

आमच्या घरावर ज्यांचं ऋण आहे त्यांत पहिला मान आण्णांचा. ते आणि बाबा पडघ्याच्या सबस्टेशनात एकत्र नोकरीला होते. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची डी.सी. लाइन येऊन उतरते ते हे आवार. बाबा रात्री सारखे लघवीला उठायचे आणि वय झालं म्हणून घरात कोणी काही बोलत नव्हतं. आण्णा ओट्यावर येऊन बसले आणि सरळ म्हणाले, "उठतोस ना रातचा? मंग रगात दे तपासाला. त्यात लाजायचा काय?"

रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून येणारं प्रथिन, ३० निघालं. बायोप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर; तो किती आक्रमक हे सांगणारा ग्लीसन स्कोअर ८. रोग कुठवर गेलाय, हे ठरायचं होतं.

आधी हाडांचा स्कॅन झाला. दंडात टेक्नेशियमचं इंजेक्शन, मग पाणी पीत तीन तास बसून राहायचं. फॉर्म भरणाऱ्या मुलीने बाबांना विचारलं, "बाबा, काम काय करायचात?" खांबावर चढायचो, म्हणाले. "कधी पडलात? कंबर दुखते?" बाबांनी सगळा इतिहास सांगितला आणि तिने तो कंटाळा न करता, समासात आडव्या ओळी घालून लिहून घेतला. पुढे फिल्मवर कमरेचे मणके आणि गुडघे काळे उमटले, तेव्हा त्या समासाने आम्हाला तारलं. वाचणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं की ही झीजही असू शकते, पीएसएमए पेट स्कॅन करून खात्री करावी. समासात काही नसतं, तर तेच डाग पसरलेला रोग म्हणून खपले असते. त्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं.

पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींवरचं प्रथिन. त्याला चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडून शिरेतून सोडतात. दर ६८ मिनिटांनी ते निम्मं होतं. पडघ्यापर्यंत आणण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो, कल्याण-शीळच्या ट्रॅफिकमध्ये तर नाहीच. माणसालाच त्याच्याकडे जावं लागतं. ऑस्ट्रेलियात ३०२ पुरुषांवर हा स्कॅन आणि जुनी पद्धत ताडून पाहिली गेली. २०२० साली आलेल्या निकालात नव्याची अचूकता ९२ टक्के, जुन्याची ६५. बाबांच्या मणक्यांत काहीच चमकलं नाही. ओटीपोटातल्या लसिका ग्रंथीही स्वच्छ.

तरीही डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे गणित मांडलं. पीएसएचे दोन तृतीयांश २०, ग्लीसनमधून ६ वजा करून गुणिले १० म्हणजे आणखी २०. ग्रंथींत न दिसणारा रोग असण्याची शक्यता ४० टक्के. हे सूत्र मॅक रोच या कृष्णवर्णीय अमेरिकी डॉक्टरांचं. त्याचा पाया मात्र जॉन्स हॉपकिन्समधल्या रुग्णांचे तक्ते, आणि ते रुग्ण बहुतेक गोरे. अमेरिकेत काळ्या पुरुषांचे या रोगाने होणारे मृत्यू गोऱ्यांच्या दुपटीच्या आसपास आहेत. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत मात्र सर्वांना सारखे उपचार मिळतात आणि तिथे ती दरी बहुतांशी बुजते. वंशाच्या खात्यावर मांडलेलं बरंचसं अंतर यंत्रापर्यंत पोहोचण्याचं असतं, असं माझं मत तेव्हापासून झालंय. आपल्याकडे हा रोग तुलनेने कमी, म्हणून संशय येत नाही, आणि आला तोवर हाडं गाठलेली असतात. अमेरिकी तक्त्यांत आपण "आशियाई". त्या एका रकान्यात जपानीही बसतो आणि भिवंडीचा आगरीही.

मग इथल्या माणसासाठी इथला पुरावा कुठला? तो परळलाच तयार झाला होता. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात, रोचच्याच सूत्राने जोखीम जास्त ठरलेले २२४ पुरुष घेतले. बहुतेकांचा पीएसएमए स्कॅन झालेला. एका गटाला फक्त प्रोस्टेटवर रेडिएशन, दुसऱ्याला ओटीपोटातल्या ग्रंथींसकट. पाच वर्षांनी, पीएसए पुन्हा न चढलेल्यांचं प्रमाण ग्रंथींसकट घेतलेल्यांत ९५ टक्के, नुसत्या प्रोस्टेटवर घेतलेल्यांत ८१.२. एकूण आयुर्मानात मोठा फरक दिसला नाही, हेही नमूद करायला हवं. बाबांना ग्रंथींसकट रेडिएशन द्यायचं ठरलं ते यावर.

आण्णा त्या २२४ मधले. संगणकाने त्यांना नुसत्या प्रोस्टेटच्या गटात टाकलं होतं. तेव्हाचे मान्य उपचार तेच. काही वर्षांनी त्यांचं पीएसए वर सरकलं आणि हार्मोनची इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. बाबांचं अजून तळाशी आहे. आण्णांच्या गटाचा आकडा कमी आला, म्हणून बाबांच्या गटाचं मोल कळलं. बाकीच्या २२३ जणांची तर नावंही मला ठाऊक नाहीत.

हे सगळं आण्णांना एकदा नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सही करताना मला सगला सांगला होता डाक्टरांनी. तू तुज्या बापाला सांग, सोसायटीच्या हप्त्याला घेतलेलं माजे दोनशे रुपये अजून बाकी हायत. ते पयले आन."