उन्हातले पाच व्होल्ट

रेग्युलेटर निवडताना बहुतेकांची नजर डेटाशीटमधल्या एकाच ओळीवर थांबते: आउटपुट ५ व्होल्ट, अधिक-उणे ४ टक्के. ही ओळ २५ अंश सेल्सिअसची असते, आणि तेही खोलीचे नव्हे, आतल्या सिलिकॉनचे. चालू सर्किटमध्ये सिलिकॉन इतकं थंड क्वचितच असतं. साधा ७८०५ घ्या. १२ व्होल्ट आत, ५ बाहेर, लोड ३०० मिलिअँपिअर; म्हणजे २.१ वॅट नुसते उष्णतेत गेले. हीट सिंक नसेल तर आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा शंभरेक अंशांनी वर चढतं. उन्हाळा त्यानंतर येतो.

मी वजनकाट्यांचे बोर्ड बनवतो. दूध संकलन केंद्रावर पहाटेच्या गारठ्यात आणि मे महिन्यातल्या संध्याकाळी काट्याने तेच वजन दाखवायला हवं. त्या आकड्यावर कुणाचा तरी पगार होतो.

म्हणूनच बँडगॅप रेफरन्सचं मला अजूनही अप्रूप वाटतं. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतं. पण वेगवेगळ्या करंट घनतेवर चालवलेल्या दोन ट्रान्झिस्टरांच्या त्या व्होल्टेजांमधला फरक तापमानाबरोबर वाढत जातो. हा वाढता फरक नेमक्या पटीने मोठा करून घसरत्या व्होल्टेजमध्ये मिळवला की बेरीज १.२ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहते. १९६४ मध्ये फेअरचाइल्डच्या डेव्हिड हिलबिबरने ही वाट दाखवली. पुढे बॉब विडलरने ती एलएम१०९ या रेग्युलेटरमध्ये आणली. दोन्ही व्होल्टेजं सरकतच राहतात, कुणी कुणाला थांबवत नाही. एकाची घसरण दुसऱ्याची वाढ भरून काढते, एवढंच.

चिपने हे साधलं तरी बाहेरचे रेझिस्टर ते घालवू शकतात. बेंचवर एलएम३१७ घ्या, आउटपुट ५ व्होल्ट, खालच्या रेझिस्टरच्या जागी प्रीसेट. आता हॉट एअर फक्त प्रीसेटवर, दुरून. प्रीसेट दर अंशाला दशलक्षात शंभर भागांनी सरकणारा असेल, तर ४० अंशांत आउटपुट १५ मिलिव्होल्टने हलतं. मीटरचे शेवटचे आकडे एकेक करून सरकताना दिसतात, आणि चिपला तर झळही लागलेली नसते. माझ्या बोर्डवर या जागी प्रीसेट नसतो. एकाच मेकचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर शेजारी-शेजारी, रेग्युलेटरच्या उष्णतेपासून लांब. दोघे सारखेच सरकले की गुणोत्तर टिकतं, आणि आउटपुट ठरतं ते गुणोत्तरावर.

१५ मिलिव्होल्ट म्हणजे ०.३ टक्के. लोड सेलला दिलेलं व्होल्टेज एवढं सरकलं आणि एडीसीचा रेफरन्स वेगळा असला, तर ५० किलोत १५० ग्रॅमची चूक. म्हणून लोड सेलला जे व्होल्टेज, तेच एडीसीच्या रेफरन्सलाही द्यायचं. मग रेग्युलेटर थोडा सरकला तरी दोन्ही बाजू बरोबरच सरकतात आणि वजन जागेवर राहतं.

राहिली केबल. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, आणि पत्र्याखालून गेलेली लांब केबल चांगलीच तापते. तिथे मी सहा वायरींचा लोड सेल मागवतो. जादा दोन वायरी सेलपर्यंत पोचलेलं खरं व्होल्टेज परत आणतात आणि रेफरन्स म्हणून तेच लागतं. गिऱ्हाईक दरावरून घासाघीस करतं, तरी या दोन वायरी मी कमी करत नाही.