वरंध घाटांतील पक्षी

मार्गशीर्षांत एकदां शिवथर घळीस जाऊन यावें असें आमच्या थोरल्या भगिनी आक्का यांच्या मनांत फार दिवस होतें. पुतण्याजवळ जुनी जीप आहे, तींतूनच निघालों. भोर मागें पडून नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकांठानें रस्ता जाऊं लागला, तेव्हां आक्का म्हणाल्या, "अरे, हा पक्षी मघांपासून आपल्याबरोबरच येतो आहे!" कान देऊन ऐकतों तों खरेंच, गाडीच्या पोटाखालून चिक् चिक् असा बारीक, कोरडा आवाज येत होता. पुढें वरंध घाट. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास दरी. "काका, चालते आहे तोंवर चालवूं," हें चिरंजिवांचें म्हणणें मला रुचलें नाहीं.

यंत्रविद्येंत माझी गति मॅट्रिकच्या पदार्थविज्ञानापुरतीच. परंतु शास्त्रीबोवांनीं शिकविलेला अन्वयव्यतिरेक येथें उपयोगीं पडला. गाडी उभी ठेवून इंजिन जोरानें फिरविलें, आवाज नाहीं. सपाट रस्त्यावर वेग देऊन क्लच दाबला. इंजिन मंदावलें, पण चिकचिक चाकांच्याच लयीनें चालू राहिली. म्हणजे इंजिन निर्दोष. दोष चाकांबरोबर फिरणाऱ्या भागांत. पुतण्याचा संशय पुढच्या चाकाच्या बेअरिंगवर होता. पण तें बिघडलें तर बहुधा घरघरतें, आणि वळणावर भार बदलला कीं त्याचा आवाज कमीजास्त होतो. येथें तसें होईना.

अशा जीपमध्यें गिअरबॉक्सला लागून ट्रान्सफर केस असते. तींतून एक दांडा मागच्या आंसाकडे व एक पुढच्या आंसाकडे जातो. आमच्या गाडीस पुढच्या चाकांच्या हबवर हातानें फिरवावयाची कळ आहे. ती जोडलेली असली म्हणजे पुढें शक्ति दिलेली नसतांही चाकेंच त्या दांड्यास फिरवीत राहतात. पावसाळ्यांत चिखलासाठीं जोडलेल्या या कळा चिरंजिवांनीं अद्याप तशाच ठेवल्या होत्या! त्या सोडवून अर्धा किलोमीटर गेलों, पक्षी मुका. पुन्हां जोडल्या, पुन्हां चिवचिव. चाक तर दोन्ही वेळां फिरतच होतें; तेव्हां बेअरिंगही आरोपांतून सुटलें.

चाकांस दगड लावून पुतण्या खालीं शिरला. पुढच्या दांड्याच्या सांध्यांतील क्रॉसभोंवतीं तांबूस भुकटी जमली होती. क्रॉसच्या टोकांवरील टोप्यांत सुईएवढे बारीक रूळ असतात. वंगण आटलें कीं ते गंजतात, आणि त्या गंजाचीच ही पूड. सांधा घाटांत तुटता तर फिरता दांडा रस्त्यावर आपटला असता. पुढची कल्पना मीं आक्कांस बोलून दाखविली नाहीं.

"मग चारही चाकांवर उतरूं, पकड चांगली राहील," पुतण्या म्हणाला. तेंही नको म्हटलें. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून लांब वाट चालतात. कोरड्या डांबरावर दोन्ही आंस एकत्र जखडले तर दांड्यांत पीळ भरतो, आणि तो याच दुबळ्या सांध्यावर. कळा सोडून, केवळ मागच्या चाकांवर, खालच्या गिअरांत हळूहळू उतरलों. वाघजाईच्या देवळापाशीं गरम भजीं मिळालीं, तीं आक्कांनीं उपास म्हणून नुसतीं पाहिलीं.

घळींत गारवा होता, धबधबा क्षीण झालेला. दासबोध येथें रचला गेला अशी परंपरा आहे. आक्का अर्धा तास डोळे मिटून बसल्या. मुक्काम महाडास केला. तेथील मिस्त्रीनें सकाळीं नवा क्रॉस बसविला, आणि बाकीच्या सांध्यांत ग्रीस भरण्याचें काम त्यानें पुतण्याकडूनच करविलें.

परततांना धरणाजवळ पुन्हां चिवचिव ऐकूं आली. पुतण्यानें तत्काळ गाडी थांबविली. आक्का हंसल्या, झुडपांतून दोन पक्षी उडून गेले.