वर शेकडो टन, खाली ठणठणाट

आयटीतल्या माणसाने कोळशावर काय लिहावं? पण डिग्री मेकॅनिकलची आहे हो, ती अधूनमधून उसळते.

आमच्या नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात 1979 ते 1981 मध्ये 210 मेगावॅटचे 3 संच सुरू झाले. अशा केंद्रांत कोळशाचे प्रचंड बंकर असतात, खाली नरसाळ्यासारखे निमुळते. कोळसा त्यातून फीडरवर आणि पुढे मिलमध्ये जातो. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात ओला, चुरा झालेला कोळसा आला की तोंडापाशीच अडून बसतो. वर शेकडो टन माल आणि खाली फीडर रिकामा!

वाटतं, वरचं वजन ढकलेल की. नाही ढकलत. पाण्याच्या टाकीत खोलीबरोबर दाब वाढतच जातो. कोठीतल्या मालाचं बरंचसं वजन मात्र घर्षणामुळे भिंतीच पेलतात. जान्सेन या जर्मन इंजिनियरने हे 1895 मध्येच मांडलं होतं. त्यात ओला चुरा तोंडावर चक्क कमान बांधतो, वाड्याच्या दरवाजावर असते तशी.

मग निघतो घण. ठोकून पत्र्याला पोचे पडतात आणि पोच्यांवर माल आणखी अडतो. (व्हायब्रेटरही चुकीच्या वेळी लावला तर माल ठासून बसतो.)

खरं उत्तर अँड्र्यू जेनिके यांनी युटा विद्यापीठात शोधलं, 1964 मध्ये छापलं. आधी माल तपासा: किती चिकटतो, पत्र्यावर किती घसरतो. ठरावीक रुंदीपुढे कमान स्वतःच्याच वजनाने कोसळते. तोंड त्याहून मोठं ठेवा. भिंती पुरेशा उभ्या आणि गुळगुळीत करा, म्हणजे सगळा माल एकदम सरकतो. नाहीतर मधलाच तेवढा निघतो, कडेचा जुना तसाच राहतो. आपल्या भाषेत, क्यू हवी तिथे स्टॅक! कोळसा असा पडून राहिला तर आपोआप तापून पेटतोसुद्धा.

हे सगळं आठवलं एका वर्गमित्रामुळे. तो सिन्नरकडे एका पशुखाद्य कारखान्यात आहे. परवा फोनवर सहज म्हणाला, "अरे, पेंड अडकली की एका पोराला बांबू देऊन आत उतरवतात."

मी उडालोच. पायाखालची कमान तुटली तर तो पोरगा काही सेकंदांत मालाखाली जाईल. छातीपर्यंत गाडलेला माणूस नुसत्या हातांनी ओढून निघत नाही. उतार बदलायला खर्च येतो, म्हणे साहेब नाही म्हणतात.

आता हा विचारतोय, हॉपरचा कोन किती हवा? म्हटलं, आधी वरच्या मॅनहोलला जाळी बसव आणि कुलूप लाव. कोनाचं रविवारी बघू, पेंडीचा नमुना तेवढा काढून ठेव.